पाळी विचारणारे काका

आमच्या घरात महिन्यातले पंधरा दिवस भरदुपारी रात्र असायची.

वडील लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात कामाला होते. कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. तिथं एक पंधरवडा दिवसपाळी, एक पंधरवडा रातपाळी, दोन्ही बारा-बारा तासांच्या. रातपाळीच्या दिवसांत वडील सकाळी साडेसातला घरी यायचे, तोंडावर पाणी मारायचे, दोन घास खायचे आणि पर्वत पाटियाजवळच्या आमच्या एकुलत्या एका खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आई खिडकीवर जुनी गडद साडी टांगायची. तिथून संध्याकाळी पाचपर्यंत घरात आवाज करायचा नाही.

हा नियम कुणी बसवून शिकवल्याचं मला आठवत नाही. चालायला लागलो तेव्हाच आम्ही टाचा न टेकता चालायला शिकलो असणार. शिट्टी होऊ नये म्हणून आई भात पातेल्यात करायची. दाराशी बसून ती साड्यांना टिकल्या चिकटवायची आणि आमच्याशी हातांच्या खुणांनी बोलायची. दोन बोटं वर केली की पाणी भर. तळवा बाहेर हलवला की भावाला खाली घेऊन जा. माझा सगळा अभ्यास जिन्याच्या पायऱ्यांवर झाला. येणारे-जाणारे वह्या ओलांडून जायचे, आणि शेजारची माणसंसुद्धा आमच्या मजल्यावर आली की आवाज खाली घ्यायची. सगळ्यांच्याच घरात कुणी ना कुणी झोपलेलं असायचं.

एकदा माझ्या हातून स्टीलचं ताट पडलं. मी तिसरीत असेन. वडील दचकून उठले, मला काही बोलले नाहीत, पण पुन्हा त्यांचा डोळा लागला नाही. कूस बदलत राहिले. त्या रात्री मशीनवर त्यांना पेंग आली आणि डाव्या हाताचं बोट पेरापासून गेलं. ते घरी बसले तेवढे दिवस आम्ही आईच्या टिकल्यांवर काढले. मीही शाळेतून आले की टिकल्या चिकटवायची. ताटाचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. कुणी काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं ते रातपाळी म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातून झालं, असं कुणाला वाटू नये.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. मी डॉक्टर होत होते त्या वर्षांत वडील दर दिवाळीला विचारायचे, "अजून किती इयत्ता राहिल्या?" लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते, त्यामुळं उत्तर ओरडून द्यावं लागायचं. सगळ्या मजल्याला माझ्या इयत्ता पाठ झाल्या होत्या.

दवाखाना मी सुरतेतच, कोसाडला काढला. सरकारी आवासाच्या वसाहतीत, तळमजल्यावर, एका गाळ्यात. निम्मी वस्ती खानदेशची, बाकी विदर्भ-मराठवाड्याची आणि इकडची तिकडची. माणसं बहुतेक अमरोलीच्या लूमवर, काही पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये. त्या भागात पूर्वी एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी दवाखाना बंद केला होता. त्यांचे कंपाउंडर काका एक दिवस माझ्या दारात येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशात निळी पेन्सिल.

"पोरी, तुला औषधं देणारा माणूस लागेल," ते म्हणाले. "आणि मला घरी बसवत नाही."

ते आमच्याच बाजूचे, खानदेशातल्या शिरपूरकडचे. तरुणपणी चार-पाच वर्षं लूमवर काढलेली. मी त्यांना ठेवून घेतलं. मग ब्लडप्रेशर आणि शुगर तपासायला एक सिस्टर आली, अकोल्याकडची. केसपेपर काढायला वसाहतीतलीच एक गुजराती बेन. आम्ही चौघं. दवाखान्याला गर्दीच्या वेळा दोनच: सकाळी सात-आठला आणि संध्याकाळी सहा-सातला. पाळी सुटायची आणि भरायची वेळ तीच आमची वेळ.

काकांची एक पद्धत होती. मी लिहून दिलेला कागद खिडकीशी आला की औषध काढायच्या आधी ते विचारायचे, "दिवसपाळी का रातपाळी?" मग, "कधी बदलणार?" मग, "जेवतोस केव्हा?" सगळं ऐकून झालं की गोळ्या पुडीत बांधायचे आणि पुडीवर निळ्या पेन्सिलीनं लिहायचे: उठल्यावर. किंवा, जेवताना. किंवा, झोपायच्या आधी, खाऊन. मी कागदावर सकाळ-रात्र लिहिलेलं असायचं, पण काकांच्या पुडीवर सकाळ नाही आणि रात्रही नाही. ज्याला वाचता येत नसे त्याच्याकडून तोंडानं म्हणवून घ्यायचे.

"रातपाळीवाल्या, तुझी सकाळ संध्याकाळी होते, हे त्या गोळीला कोण सांगणार?" असं म्हणून हसायचे. लायनीतली माणसंही हसायची. कुणी म्हणायचं, "काका, माझी तर दोन्हीकडं रात्रच आहे, घरी बायको आणि तिकडं सुपरवायझर!" की काका त्याला अजून दोन प्रश्न विचारायचे.

लाइन बाहेर रस्त्यापर्यंत जायची. बेन काउंटरवरून ओरडायची, "काका, लाइन लांबी थई गई छे!"

"होऊ दे की. तुझ्या डोक्यावरून जाते का?"

सिस्टर वैतागून म्हणायची, "काका, तुम्ही तर एकेकाची पत्रिकाच काढून राहिले ना! लग्न जमवता का त्याचं?"

माझी चिडचिड मात्र खरी होती. आत मी एकेक माणूस नीट तपासून, समजावून बाहेर पाठवते, आणि खिडकीशी तोच माणूस पुन्हा पाच मिनिटं उभा. मला ते माझ्यावरच्या अविश्वासासारखं वाटायचं. मी इतकी शिकले, आणि माझ्या कागदाला निळ्या पेन्सिलीची जोड लागते. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. तेव्हा मी म्हणायची, शिस्त नाही.

त्याच सुमाराला एका मोठ्या दवाखान्यात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. तिथं प्रत्येकाचं काम ठरलेलं, कुणी कुणाच्या कामात तोंड घालत नव्हतं. रुग्ण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा आणि कुठंही एक प्रश्न दोनदा विचारला जात नसे. मी भारावून परत आले.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना बसवलं. चहा मागवला. सांगितलं की उद्यापासून आपण एक टीम म्हणून काम करायचं. बेननं नोंद करायची, सिस्टरनं तपासणी, मी निदान आणि सूचना, काकांनी औषध. प्रत्येकानं आपल्या कामावर लक्ष द्यायचं. एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं पुन्हा सांगायचं नाही. पुड्यांवर हातानं लिहिणं बंद, मी छापील चिकटपट्ट्या आणल्या आहेत: सकाळ, दुपार, रात्र, असे तीन चौकोन, त्यात आकडा घालायचा.

काकांनी एक चिकटपट्टी उचलून चष्म्याजवळ धरली.

"आणि पाळी कुठं लिहायची?"

"पाळीचं मी बघेन, काका."

"तू आत विचारशील का प्रत्येकाला?"

प्रश्न साधा होता. पण बेन आणि सिस्टर माझ्याकडं बघत होत्या, आणि मी म्हणाले, "औषध कधी घ्यायचं हे डॉक्टर सांगणार की खिडकी सांगणार, एवढं एकदा ठरवू या. तुमच्या बोलण्यानं माणसं गोंधळतात. तुम्ही फक्त पुडी द्या."

काकांनी चिकटपट्टी खाली ठेवली. "बरं, मॅडम," ते म्हणाले.

तोपर्यंत ते मला पोरी म्हणायचे. त्या दिवसापासून मॅडम. मला ते आवडलं होतं, हेही लिहून ठेवते.

नवी पद्धत झकास चालली. लाइन रस्त्यावरून आत आली. सिस्टरच्या खुर्चीवरून माझ्या खुर्चीपर्यंत, माझ्यापासून खिडकीपर्यंत माणूस सरळ सरकत जायचा. लोक कौतुक करायचे, "ताईचा दवाखाना मशीनसारखा चालतो." मशीनसारखा, हे लूमवरचा माणूस म्हणतो तेव्हा ती मोठीच शाबासकी असते. मी प्रत्येकाला पाळी विचारायची ठरवलं होतं. पहिले काही दिवस विचारलीही. मग कधी राहून जायचं. मग राहतंय हेही लक्षात येईनासं झालं.

तो माणूस आला तेव्हा थंडी सरत आली होती. वय पंचेचाळिशीचं, शिंदखेड्याकडचा, लूमवर वीस-बावीस वर्षं काढलेला. मी दहावीला होते तेव्हा माझे वडील जसे दिसायचे, अगदी तसा. डोळ्यांखाली काळं, केसांत कापसाचा बारीक भुसा. पाय जळजळतात म्हणून आला होता. सिस्टरनं शुगर तपासली, ती खूप निघाली. मी त्याला वेळ दिला. काय खायचं, काय नाही, पाय कसे धुवायचे, सगळं खानदेशी वळणानं सांगितलं. त्याला फार बरं वाटलं.

"ताई, तुम्ही आपल्याच आहात. मग आता मला भ्याव नाही."

चिकटपट्टीवर एक-शून्य-एक. सकाळी नाश्त्याआधी एक, रात्री जेवणाआधी एक. तो गेला. पंधरा दिवसांनी शुगर तपासून घ्यायला आला तेव्हा ती बरीच उतरली होती. त्या पंधरवड्यात त्याची दिवसपाळी होती. सकाळी गोळी, मग चहा-चपाती, मग काम. गोळी जशी लिहिली तशी लागू पडत होती. मी खूश झाले. त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

माझ्या खोलीला काचेचा दरवाजा आहे. त्यातून औषधाची खिडकी दिसते. त्या संध्याकाळी मी पुढचा माणूस आत यायची वाट बघत होते, आणि मला दिसलं की तो खिडकीशी पुडी हातात घेऊन काकांना काहीतरी विचारतोय. काका त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि बोटानं माझ्या दाराकडं दाखवलं. त्यानं दाराकडं पाहिलं, बाहेरच्या लायनीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. मग पुडी खिशात घातली आणि गेला.

मी हे पाहिलं. आणि मला वाटलं, काका सुधारले बरं का.

त्याच्या पुढच्या सोमवारी त्याची रातपाळी लागली.

आठवड्याभरात, एका संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला, बाहेर रिक्षा थांबली आणि दोघा-तिघांनी त्याला उचलून आत आणलं. घामानं चिंब, डोळे अर्धवट उघडे, घशातून नुसती घरघर. मी सांगायच्या आत सिस्टरनं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आलाच नाही. आकडाही येऊ नये इतकी साखर खाली गेली की ते यंत्र नुसतं "लो" असं दाखवतं. मी शिरेतून ग्लुकोज दिलं. सिस्टर, बेन, काका, कुणाला काही सांगावं लागलं नाही. बेननं बाहेरची माणसं थांबवली, ॲम्ब्युलन्सला फोन लावला. काकांनी मी मागायच्या आधी दुसरी बाटली हातात ठेवली. इतकं जुळलेलं काम आम्ही त्याआधी कधी केलं नव्हतं. साखर वर आली. तो पुरता शुद्धीवर आला नाही.

त्याला आणणाऱ्यात त्याचा खोलीवाला होता. हे दोघं एकाच गादीवर झोपायचे. एक कामावर गेला की दुसरा झोपणार, अशी सुरतेतली रीतच आहे.

"मी सकाळी निघालो तेव्हा हा आला," खोलीवाला सांगत होता. "म्हटलं, मेसवर जाऊन जेवून घे. तर म्हणे, उभं राहवत नाही, आधी झोपतो. गोळी तेवढी खाल्ली. ताईंनी सकाळची सांगितलीये म्हणे, चुकवायची नाही."

"मग दिवसभर कुणी पाहिलं नाही?" सिस्टरनं विचारलं.

"शेजारच्या वहिनीनं पाहिलं ना. दार उघडंच होतं. घोरत होता, म्हणे. तिनं पोरांना सुद्धा ओरडू दिलं नाही दिवसभर."

ते घोरणं नव्हतं. पण त्या बाईला मी काय म्हणणार? झोपलेल्या रातपाळीवाल्याला कुणी उठवत नाही. ती रीत मी चालायला शिकताना शिकले. एका चांगल्या बाईनं आपली पोरं दिवसभर गप्प ठेवली, जशी माझ्या आईनं आम्हाला ठेवली होती.

त्याच्या खिशात पुडी होती. चिकटपट्टी जशीच्या तशी. सकाळ, एक. त्यानं शब्दही इकडचा तिकडं केला नव्हता.

ॲम्ब्युलन्समधून त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यात मीच गेले. तो वाचला. पण इतका वेळ साखर खाली राहिली की मेंदूला जे व्हायचं ते झालं होतं. बोलणं जड झालं. उजव्या हाताला कंप राहिला. लूमवर तुटलेला धागा दोन बोटांत धरून चटकन गाठ मारावी लागते, ती गाठ आता त्याला येणार नव्हती.

गावाहून त्याची बायको आली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी तिच्याशेजारी बसले होते. मला धीर द्यायचा होता आणि सांगायचंही होतं. तीच आधी बोलली.

"ताई, तुम्ही त्याला उचलून आणलंत, रात्रभर बसलात. तुमचे उपकार. चूक त्याचीच. गोळी घेतली तर खावं नाही का माणसानं? किती सांगायचं?"

तोंडाशी आलेलं मी गिळलं. काय म्हणाले ते मला शब्दनशब्द आठवतं. मी म्हणाले, "हो, खायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, मी काकांना विचारलं, "त्यानं तुम्हाला काय विचारलं होतं त्या दिवशी?"

"सोमवारपासून रातपाळी आहे, मग गोळी कशी घ्यायची, म्हणून."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

काका खिडकीच्या आतल्या फळीवरच्या बाटल्या सारख्या करत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"मी म्हटलं, मॅडमला विचार. तुम्ही सांगितलं होतं ना तसं."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. बाटल्या लावून झाल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं होतं तो आत येईल. लाइन बघून गेला." आणि चष्मा काढून पुसायला लागले. 

घरी वडिलांना सांगितलं. त्यांना सगळं ओरडून सांगावं लागतं, हे मी आधी लिहिलंच आहे. आपली चूक हळू आवाजात सांगता येणं ही सोय मला नव्हती. मी एवढंच ओरडले की माझ्या गोळीनं एका लूमवाल्याला त्रास झाला. अजून कसा, केव्हा, काही सांगितलं नव्हतं.

वडिलांनी लगेच विचारलं, "रातपाळी होती?"

पहिलाच प्रश्न. शाळा न शिकलेल्या, ऐकू न येणाऱ्या माणसाचा. मी मान हलवली. त्यांनी अर्ध्या बोटाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. ताट पडलं होतं तेव्हाही बोलले नव्हते.

त्या रविवारी मी पुन्हा सगळ्यांना बसवलं. या वेळी चहा मागवायचं सुचलं नाही. मी जे केलं ते सांगितलं. काचेतून पाहिलं होतं आणि बरं वाटलं होतं, तेही सांगितलं. बेनच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, मी पण शुगर पाहताना विचारू शकत होती. मीच म्हटलं, आपल्याला काय करायचं." मग मी काकांना म्हणाले, "आता तुम्ही सांगा, कसं करायचं."

काकांनी निळी पेन्सिल काढली. त्या छापील चिकटपट्टीवरचं सकाळ, दुपार, रात्र खोडलं आणि वर लिहिलं: उठल्यावर, जेवताना, झोपायच्या आधी. मग बेनला म्हणाले, "तू नाव लिहितेस ना, त्याच्या आधी पाळी लिही. पलसाण्याच्या मिलवाल्यांची आठवड्याला बदलते, इकडच्या लूमवाल्यांची पंधरवड्याला. बदलायची तारीखही लिही." सिस्टरनं शेवटचं जेवण केव्हा झालं ते विचारायचं. मी ते वाचूनच औषध लिहायचं, आणि पाळी बदलणार असेल तर दोन्हीकडं चालेल अशी गोळी बघायची. खिडकीशी काका त्याच्याकडून सगळं म्हणवून घेणार.

"म्हणजे एकच गोष्ट चार वेळा?" बेननं विचारलं.

"चार वेळा," मी म्हणाले.

लाइन पुन्हा रस्त्यावर गेली. लोक कुरकुरले. "ताई, पूर्वी कसं मशीनसारखं होतं!" काही जण दुसरीकडं गेले. जाऊ दिले.

त्याच्या गावाला जायचं मात्र मी टाळत राहिले. आज गर्दी आहे, उद्या सिस्टरची सुट्टी आहे. फोन करून तब्येत विचारायची, आणि खरं काय ते प्रत्यक्ष भेटूनच सांगावं, फोनवर बरं दिसत नाही, असं स्वतःला समजवायची. असं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लूमवाली माणसं गावाकडं निघाली, तेव्हा बेननं मला न विचारता त्या दोन दिवसांची नोंद बंद ठेवली. काकांनी बसचं सांगितलं. मी गेले.

तो ओट्यावर बसला होता. मला ओळखलं, हसला, "ताई" म्हणाला. ते म्हणायला त्याला वेळ लागला. त्याची बायको आत पुरणाच्या तयारीत होती. हात पुसत बाहेर आली. मी उभ्यानंच सांगितलं. की चूक त्याची नव्हती. त्यानं मी लिहिलं तसंच केलं होतं. चुकीचं मी लिहिलं होतं.

मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. ती खांबाला टेकून खाली बसली. म्हणाली, "मंग तवयच का नई सांगं?"

मग तेव्हाच का नाही सांगितलंस.

"वरीसभर मी ह्यालाच बोलत आले," ती म्हणाली. "ताट वाढताना रोज. खाल्लं असतंस तर आज ही वेळ आली नसती, असं. रोज, ताई. आणि हा नुसता मान खाली घालून जेवायचा. ह्याला धड बोलताही येत नाही की बाई, माझं नाही चुकलं."

तो आमच्याकडं बघत होता. सगळं कळत होतं त्याला.

गोळीची चूक माझी, पण ती घाईत, नकळत झालेली. बाकावरचे ते चार शब्द मी जाणूनबुजून बोलले होते. शिकलेल्या बाईची मान खाली जाऊ नये म्हणून एका न शिकलेल्या माणसाची मान वर्षभर खाली ठेवली. हे कशानंही भरून निघत नाही. मी प्रयत्न केले. दर दोन महिन्यांनी त्याला तपासायला जाते, त्याचा हात थोडा सुधारलाय, पुढं घराशेजारी त्यानं छोटी टपरी टाकली. बायको मला चहा देते. अजून ती पूर्वीसारखं ताई म्हणत नाही, नुसतं "या" म्हणते.

काका त्यानंतर दीड वर्ष होते. नजर कमी झाली तेव्हा शिरपूरकडं मुलाकडं गेले. जायच्या दिवशी मी म्हणाले, "काका, आता तरी पोरी म्हणा."

ते हसले. "सवय मोडली हो, मॅडम." आणि निळी पेन्सिल खिशातून काढून खिडकीच्या फळीवर ठेवली.

आज कोसाडच्या आमच्या दवाखान्यात सहा जण काम करतात. केसपेपरवर नावाच्या आधी पाळी लिहिलेली असते, आणि पाळी विचारल्याशिवाय एकही गोळी खिडकीबाहेर जात नाही.